वैद्यकीय चुका टाळण्यासाठी रुग्णालय व्यवस्थापन काय करू शकते? इंदूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, देवास आणि धार या भागांतील रुग्णालयांचे संचालक, मेट्रन (मुख्य परिचारिका), निवासी डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून रुग्णसुरक्षेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वैद्यकीय चूक म्हणजे नेमके काय? उपचारातील गुंतागुंत म्हणजेही चूकच का?

नाही. योग्य निदान करून, योग्य औषध योग्य मात्रेत दिल्यानंतरही एखाद्या रुग्णाला पुरळ उठू शकते किंवा शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होऊ शकतो. ही गुंतागुंत आहे आणि तिची शक्यता रुग्णाला आधी समजावून सांगायची असते. जे करायचे ठरले होते ते तसे झाले नाही, किंवा जे ठरवले तेच चुकीचे होते, तर ती चूक. मात्र त्या रुग्णाला पेनिसिलिन सोसत नाही हे केसपेपरवर लिहिलेले असूनही ते दिले गेले आणि पुरळ उठले, तर त्याला गुंतागुंत म्हणता येणार नाही. तिसरा प्रकार बहुतेक रुग्णालये मोजतच नाहीत: चूक घडली, पण रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी कोणाच्या तरी लक्षात आली. अशी थोडक्यात टळलेली चूक व्यवस्थापनासाठी सर्वांत मोलाची असते, कारण तिच्यातून शिकायला मिळते आणि त्याची किंमत कोणत्याही रुग्णाला मोजावी लागत नाही.

२. चूक डॉक्टर किंवा सिस्टरच्या हातून होते. त्यात व्यवस्थापनाचा काय संबंध?

सिस्टरने चुकीचे इंजेक्शन दिले, हे साखळीचे शेवटचे टोक असते. सारख्या दिसणाऱ्या दोन ॲम्प्युल (इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या सीलबंद कुप्या) शेजारीशेजारी कोणी ठेवल्या, स्वस्त पडते म्हणून पुरवठादार बदलताना लेबलाकडे कोणी पाहिले नाही, त्या रात्री ४० रुग्णांमागे दोनच सिस्टर कोणी नेमल्या, हे सर्व निर्णय खरेदी विभागात, भांडारात आणि संचालकांच्या खोलीत झालेले असतात. म्हणून चुकांची जबाबदारीही तेथपर्यंत पोहोचली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंदूरकरांना याचे उदाहरण बाहेर शोधावे लागत नाही. मे २०१६ मध्ये शहरातील एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइड हा भुलीसाठी वापरला जाणारा वायू दिला गेल्याने दोन बालकांचा मृत्यू झाला. वायुवाहिन्यांची जोडणी चुकली होती. रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू कमी होताना दिसला की भूलतज्ज्ञ ऑक्सिजन वाढवतो. वाहिनीत दुसराच वायू असेल, तर एरवी अचूक असलेला तोच उपाय घातक ठरतो. ही चूक टाळण्याची जागा रुग्ण टेबलावर येण्याच्या कितीतरी आधीची आहे. वाहिन्यांचे कोणतेही काम झाले, मग ते नवे असो की दुरुस्तीचे, तर प्रत्येक आउटलेटवर ऑक्सिजन ॲनालायझर लावून वायू तपासणे, अभियंता आणि भूलतज्ज्ञ या दोघांच्या सहीचे पत्र मिळेपर्यंत शस्त्रक्रियागृह बंद ठेवणे, भूल यंत्रावरील ऑक्सिजनचा अलार्म कधीही बंद न करणे, आणि भरलेला सिलिंडर व बाहेरच्या हवेवर चालणारी, हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग हाताशी ठेवणे, ही चारही कामे व्यवस्थापनाच्या आदेशाशिवाय होत नाहीत. उद्घाटनाची तारीख ठरलेली असताना चाचणीसाठी काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आपल्या रुग्णालयात लेखी ठरलेले नसेल तर ते आजच ठरवावे.

३. हा प्रश्न खरोखर एवढा मोठा आहे का?

आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये अंदाज मांडला की, त्या देशातील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० लोकांचा मृत्यू होतो; तेव्हापासून या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, उपचार घेणाऱ्या दर १० रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचारांतून इजा होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोगी असते. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०१८ ते २०२५ या काळासाठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा तयार केला.

४. आमचे ३० खाटांचे नर्सिंग होम आहे. वेगळा गुणवत्ता विभाग परवडत नाही. सुरुवात कोठून करावी?

विभाग नको, एक जबाबदार व्यक्ती हवी. मेट्रन किंवा एखादी अनुभवी सिस्टर निवडावी, तिला आठवड्यातील काही तास इतर कामांतून मोकळे करावे आणि तिने संचालकांशी थेट बोलावे, मध्ये कोणी नसावे. पहिल्या महिन्यात चार गोष्टी कराव्यात: धोक्याची औषधे वॉर्डातील कपाटातून हलवणे (प्रश्न ५), रुग्णाच्या ओळखीचा नियम (प्रश्न ६), पाळी बदलताना रुग्णाच्या खाटेजवळ माहिती देणे (प्रश्न ८) आणि चुका नोंदवण्याची वही (प्रश्न १०). यांपैकी एकाही गोष्टीला यंत्रसामग्री लागत नाही. संचालकांनी आठवड्यातून एकदा वॉर्डात फेरी मारून "या आठवड्यात कोठे चूक होता होता राहिली?" असे विचारावे आणि जे समजेल त्यातील निदान एक गोष्ट पुढच्या फेरीपूर्वी दुरुस्त करावी. दुरुस्ती दिसली नाही, तर तिसऱ्या आठवड्यापासून कर्मचारी काही सांगणे थांबवतात.

५. औषधांच्या चुका सर्वांत जास्त होतात असे ऐकतो. कोणत्या औषधांपासून सुरुवात करावी?

जी औषधे चुकल्यावर दुरुस्तीला वेळ मिळत नाही, त्यांच्यापासून.

सर्वांत आधी तीव्र पोटॅशियम क्लोराइड. १० मिलिलिटरच्या एका ॲम्प्युलमध्ये सामान्यतः २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे असते. थेट शिरेत सोडले तर हृदय थांबते. आणि ही ॲम्प्युल दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्युलसारखी असते. कपाटावर "सावधान" अशी चिठ्ठी लावून भागत नाही. ती ॲम्प्युल सर्वसाधारण वॉर्डात ठेवूच नये. आयसीयूमध्ये वेगळ्या, कुलूपबंद डब्यात ठेवावी आणि काढताना दोघांची सही घ्यावी. रात्रीच्या घाईत सिस्टरचा हात चुकीच्या ॲम्प्युलवर पडला तरी तेथे ती ॲम्प्युलच नसेल, एवढी ही साधी व्यवस्था आहे.

दुसरे इन्सुलिन. आपल्याकडे बाटल्यांमधील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनच्या कार्ट्रिजमधील १०० युनिटचे. सिरिंजही त्याप्रमाणे वेगवेगळ्या असतात: ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. रुग्णाने घरून आणलेल्या कार्ट्रिजमधील इन्सुलिन जर लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट इन्सुलिन येते. वीस सांगितले, पन्नास गेले, आणि केसपेपरवर मात्र वीसच लिहिलेले राहते. पहाटे रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध सापडतो आणि कारण कोणालाच उमगत नाही. व्यवस्थापनाने रुग्णालयात एकाच तीव्रतेच्या बाटल्या आणि एकाच प्रकारच्या सिरिंज घ्याव्यात, आणि कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढण्यास पूर्ण बंदी घालावी.

हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्यांत मिळते, तेथेही हाच धोका असतो. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. डिस्चार्ज कार्डवर ते चुकून "रोज" असे लिहिले गेले तर रुग्ण दगावू शकतो. अशा औषधासाठी कार्डावर आठवड्याचा वार लिहिणे बंधनकारक करावे.

डोपामिन आणि डोब्युटामिन यांसारखी नावाने जवळची औषधे वेगवेगळ्या खणांत ठेवावीत. औषधाचा अनपेक्षित दुष्परिणाम दिसला तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवावे. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

६. एकाच वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असतात. गोंधळ कसा टाळावा?

इंदूरमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. पाटीदार, राठौर, चौहान, जोशी अशा आडनावांचे दोन रुग्ण एकाच मजल्यावर असणे मुळीच नवलाचे नाही. "सात नंबरची खाट" ही कोणाची ओळख होऊ शकत नाही, कारण खाटा बदलतात. प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक असलेली पट्टी असावी आणि औषध, रक्त, तपासणी, एक्स-रे यांपैकी कशाच्याही आधी या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. नाव विचारताना "तुम्ही सुशीलाबाई ना?" असे विचारू नये, अर्धवट झोपेतील रुग्ण कोणत्याही नावाला मान हलवतो. "आपले पूर्ण नाव सांगा" असे म्हणावे.

रक्ताच्या बाबतीत अधिक कडक राहावे. नमुना घेतला की रुग्णाच्या खाटेजवळच नळीवर लेबल लावावे. आधी लेबल लावलेल्या रिकाम्या नळ्यांचा ट्रे घेऊन वॉर्डात फिरण्यास मनाई असावी. रक्त चढवताना दोन प्रशिक्षित व्यक्तींनी पट्टी, पिशवी आणि मागणीपत्र खाटेजवळ उभे राहून जुळवावे, काउंटरवर बसून जुळवू नये.

७. शस्त्रक्रियेच्या वेळची तपासणी यादी आम्ही नियमित भरतो. तरीही मॉप (शस्त्रक्रियेत रक्त टिपण्याचे कापड) पोटात राहिल्याची घटना घडली. मग यादीचा उपयोग काय?

यादीवर खुणा झाल्या होत्या, की यादीप्रमाणे काम झाले होते, हे आधी तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली यादी १९ मुद्द्यांची आहे आणि ती तीन वेळा थांबायला सांगते: भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिची चाचणी झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. परंतु कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात यादी सक्तीची केल्यानंतर १०० हून अधिक रुग्णालयांचा अभ्यास झाला, तेव्हा २०१४ मध्ये म्हणण्यासारखी घट दिसली नाही. सक्तीने कागद भरला जातो, थांबणे होतेच असे नाही. या दोन अभ्यासांमधील अंतरात व्यवस्थापनाचे सगळे काम सामावलेले आहे, असे आम्हांला वाटते.

सिस्टरने संध्याकाळी एकटीने बसून दिवसभराच्या याद्या भरणे हे पहिले लक्षण आहे. ते दिसले तर यादी चालू नाही असेच समजावे. मुद्दे मोठ्याने वाचले जावेत, त्या वेळी सर्जनचे हात थांबलेले असावेत, आणि मोजणी जुळत नसेल तर टाके घालणे थांबवण्याचा अधिकार सिस्टरला आहे हे संचालकांच्या सहीने भिंतीवर लावलेले असावे. मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा असतो. मोजणी जुळली नाही तर टेबलावरच एक्स-रे काढावा आणि त्याचे पैसे रुग्णाच्या बिलात लावू नयेत, नाहीतर खर्चाच्या भीतीने तो काढलाच जाणार नाही.

८. पाळी बदलताना माहिती अर्धवट राहते. यावर उपाय काय?

ती काउंटरवर देऊ नये, रुग्णाच्या खाटेजवळ द्यावी. ठरलेला क्रम असावा: रुग्णाची आत्ता अवस्था काय आहे, आधी काय झाले, आपल्याला काय वाटते आणि पुढे काय करायचे आहे. चालू असलेली सलाईन, तिचा वेग, शेवटचे औषध कोणत्या वेळी दिले आणि कोणता रिपोर्ट यायचा आहे, हे नव्या पाळीच्या सिस्टरने स्वतः पाहून घ्यावे. दोन पाळ्यांमध्ये १५ ते २० मिनिटांचा सामायिक वेळ ठेवावा लागतो आणि त्याचा पगार द्यावा लागतो. हा खर्च वाचवणारे रुग्णालय माहिती गळण्याची सोय स्वतःच करून ठेवते.

९. रात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात. ते घ्यावे की नाही?

पूर्ण बंदी व्यवहार्य नाही. इंदूरमधील लहान रुग्णालयांत रात्री सल्लागार डॉक्टर घरीच असतात. नियम असा करावा: ऐकणाऱ्याने आधी लिहावे, मग लिहिलेले परत वाचून दाखवावे, मात्रा अंकाअंकाने म्हणावी ("पन्नास, पाच शून्य") आणि डॉक्टरांनी ठरावीक वेळेत येऊन सही करावी. प्रश्न ५ मधील धोक्याची औषधे फोनवरून घेऊ नयेत. हृदय बंद पडलेल्या रुग्णाजवळ सगळे आदेश तोंडीच असतात. तेथे एका व्यक्तीने फक्त आदेश परत म्हणणे आणि वेळेसह लिहिणे एवढेच काम करावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आदेश केसपेपरवर उतरवल्याशिवाय आदेश मानू नये.

रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने कोणत्या स्थितीत सल्लागारांना उठवायचेच, हेही आकड्यांत लिहून ठेवावे: रक्तदाब किती, श्वास किती, शुद्धीत किती बदल. उठवल्याबद्दल कोणी रागावले, तर ती तक्रार संचालकांनी गंभीरपणे घ्यावी.

१०. आम्ही चुकांची नोंदवही ठेवली, पण कोणी लिहीत नाही.

लिहिल्यानंतर काय झाले, याकडे कर्मचारी बारकाईने पाहत असतात. पहिल्या नोंदीनंतर लिहिणाऱ्यालाच नोटीस मिळाली असेल, तर वही कायमची कोरी राहील. नोंद एका पानाची असावी, हिंदी किंवा मराठीत लिहिली तरी चालावी, नाव लिहिणे ऐच्छिक असावे. वॉर्डबॉय आणि आयाबाईंनाही सांगता यावे. लिहिता येत नसेल तर त्यांनी मेट्रनला तोंडी सांगावे आणि तिने लिहावे. महिन्यातून एकदा, नावे वगळून, काय घडले आणि त्यामुळे काय बदलले हे सर्वांना वाचून दाखवावे.

११. नोंदी सुरू केल्यावर चुकांची संख्या वाढली आणि विश्वस्त नाराज झाले. त्यांना काय सांगावे?

चुका पूर्वीही होत होत्या. आता त्या दिसू लागल्या आहेत, असे सांगावे. सुरुवातीच्या काळात नोंदी वाढणे हे विश्वासाचे लक्षण आहे. विश्वस्तांसमोर एकूण आकडा ठेवू नये. टळलेल्या चुका, इजा न झालेल्या चुका आणि इजा झालेल्या चुका असे तीन वेगळे आकडे ठेवावेत, आणि दाखल रुग्णांच्या दर १,००० दिवसांमागे किती, असे प्रमाण काढावे, म्हणजे भरलेला महिना आणि रिकामा महिना यांची तुलना होऊ शकेल.

१२. मग चूक करणाऱ्याला शिक्षा करायचीच नाही का?

हा सरसकट प्रश्न नाही. हात चुकणे, नियम वळसा घालून टाळणे आणि जाणूनबुजून बेपर्वाई करणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात व्यक्तीला धीर द्यावा आणि व्यवस्था बदलावी. दुसऱ्यात आधी पाहावे की नियम सगळेच टाळत आहेत का. मनगटपट्टीचा छपाईयंत्र आठवडाभर बंद असेल, तर पट्टी न लावणाऱ्या सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही. तिसऱ्यात, म्हणजे नशेत कामावर येणे, नोंदीत खाडाखोड करणे किंवा वारंवार सांगूनही यादी नाकारणे यांत, शिस्तभंगाची कारवाई व्हावीच आणि ती ज्येष्ठ सर्जन व नवी सिस्टर या दोघांना सारख्याच मापाने व्हावी. एक कसोटी उपयोगी पडते: त्याच जागी, त्याच वेळी, तेवढ्याच अनुभवाची दुसरी व्यक्ती असती तर तीही चुकली असती का? उत्तर "हो" असेल तर माणूस बदलून काहीही साधणार नाही.

ज्याच्या हातून रुग्णाला इजा झाली, तो कर्मचारीही अनेकदा कोलमडतो. त्याला त्या दिवशी कामावरून मोकळे करावे, कोणीतरी ज्येष्ठ व्यक्तीने त्याच्याजवळ बसावे आणि लगेच जबाब घेण्याची घाई करू नये.

१३. नोंद लिहून ठेवली तर ती पोलीस किंवा ग्राहक आयोगात आमच्याच विरुद्ध वापरली जाणार नाही का?

ही भीती निराधार नाही. म्हणून नोंदीत घडलेली वस्तुस्थिती, वेळ आणि केलेले उपाय एवढेच लिहावे. "निष्काळजीपणा झाला" असे निष्कर्ष लिहू नयेत. मात्र नोंदच न ठेवणे हा बचाव होत नाही, कारण वादाच्या वेळी कोरे किंवा मागाहून भरलेले केसपेपर रुग्णालयाच्या विरुद्धच जातात.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. फौजदारी जबाबदारीसाठी साधी चूक पुरेशी नाही, गंभीर स्वरूपाचा निष्काळजीपणा असावा लागतो आणि डॉक्टरवर कारवाई पुढे नेण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, वैद्यकीय उपचार करताना निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी तरतूद आहे. प्रत्यक्ष प्रकरण उद्भवले तर वकिलाचा सल्ला घ्यावाच.

१४. चूक झाली हे रुग्णाच्या नातेवाईकांना सांगावे का? सांगितले तर तोडफोड होईल अशी भीती वाटते.

सांगावे, आणि लवकर सांगावे. आमचा आग्रह या बाबतीत ठाम आहे, कारण तो रुग्णाचा हक्क आहे. नातेवाईकांचा संताप बहुधा लपवाछपवीवर असतो: तीन लोकांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, डॉक्टर फोन उचलत नाहीत, बिल मात्र वेळेवर आले. उपचार करणारे ज्येष्ठ डॉक्टर आणि व्यवस्थापनाची एक व्यक्ती यांनी मिळून, स्वतंत्र खोलीत, बसून बोलावे. काय घडले, रुग्णासाठी आता काय चालू आहे आणि पुढची माहिती कधी मिळेल, हे सांगावे. कारण अजून समजले नसेल तर तसे म्हणावे. अंदाज बांधू नये. झाल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करावी. चुकीमुळे वाढलेल्या उपचारांचे बिल लावू नये. नातेवाईकांनी कागदपत्रे मागितली तर २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागतात; ती त्याआधीच दिली तर निम्मा संशय तेथेच मिटतो.

१५. प्रत्येक घटनेनंतर आम्ही प्रशिक्षण देतो. तरी तीच चूक पुन्हा का होते?

कारण प्रशिक्षण आणि परिपत्रक हे सर्वांत दुबळे उपाय आहेत. त्यांचा परिणाम स्मरणशक्तीवर अवलंबून असतो आणि कर्मचारी बदलले की तो संपतो. त्याहून बरे उपाय म्हणजे यादी, दोघांची पडताळणी आणि सारख्या वस्तू वेगळ्या ठेवणे. सर्वांत बळकट उपाय म्हणजे चूक करताच येऊ नये अशी रचना: वॉर्डात पोटॅशियम नसणे किंवा ऑक्सिजनच्या आउटलेटमध्ये दुसऱ्या वायूची जोडणी बसतच नसणे. चौकशी अहवालात फक्त "संबंधितांना समज देण्यात आली" असे वाक्य असेल, तर संचालकांनी तो अहवाल परत पाठवावा. चौकशी घटनेनंतर दोन-तीन दिवसांत, घटनास्थळी जाऊन, रात्रपाळीची घटना असेल तर रात्रीच करावी. दिवसा त्या कॉरिडॉरमध्ये उजेड असतो आणि माणसेही असतात.

१६. सिस्टर मिळत नाहीत, म्हणून १२ तासांच्या आणि कधी सलग दोन पाळ्या लावाव्या लागतात. दुसरा मार्ग आहे का?

सलग दोन पाळ्या हा धोका आहे, हे आधी मान्य करावे. नेहमीच माणसे वाढवता येतील असे नाही, पण कामे कमी करता येतात: बिलाचे कागद, औषधांची ने-आण आणि फोन उचलणे यांतून सिस्टरला सोडवले तर तेवढे तास रुग्णाला मिळतात. औषधे देण्याच्या फेरीत तिला कोणी हाक मारू नये, असा नियम असावा. व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर, हे प्रमाण पाळता येत नसेल तर तो रुग्ण दाखल करून घेऊ नये, योग्य ठिकाणी पाठवावा. महसूल बुडेल हे खरे आहे. तरीही आमचा सल्ला हाच राहील.

१७. संगणकीय प्रणाली घेतली तर चुका थांबतील का?

वाचता न येणाऱ्या अक्षरामुळे होणाऱ्या चुका थांबतील. यादीतील शेजारचे औषध निवडले जाणे, चुकीच्या रुग्णाची फाइल उघडी राहणे आणि कालची नोंद तशीच आज चिकटवणे, या नव्या चुका सुरू होतील. वीज किंवा सर्व्हर गेला तर वापरायचे छापील कागद प्रत्येक वॉर्डात ठेवावेत.

१८. आमच्या आईला मराठीशिवाय नीट कळत नाही आणि रुग्णालयात सगळे हिंदी-इंग्रजीत चालते. याचा सुरक्षिततेशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. रामबाग किंवा लोकमान्य नगरातील आजी घरी मराठी बोलतात, झाबुआहून आलेला रुग्ण भिली बोलतो, खरगोनचा निमाडी, केरळच्या सिस्टरची हिंदी नवी असते आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत असते. ॲलर्जी आहे का, या प्रश्नाला केवळ समजले नाही म्हणून "हो हो" असे उत्तर मिळू शकते. रुग्णालयाने कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती भाषा येते, याची यादी काउंटरवर ठेवावी. वॉर्डात मावशी, माळी किंवा लिफ्टमन यांपैकी कोणाला तरी ती भाषा येत असते. मात्र संमतिपत्र समजावण्याचे काम डॉक्टरांच्या उपस्थितीतच व्हावे. डिस्चार्जच्या वेळी "कळले का?" असे विचारू नये, "घरी गोळ्या कशा घेणार ते मला सांगा" असे म्हणावे. आईंना सूर्य-चंद्राच्या चित्रांसह वेळापत्रक द्यावे. ते अल्पशिक्षित रुग्णांनाही उपयोगी पडते.

१९. बाहेरून येणारे सर्जन आमचे नियम मानत नाहीत. त्यांच्यावरच रुग्णालय चालते, मग काय करावे?

त्यांच्याशी करार करतानाच तपासणी यादी, शस्त्रक्रियेच्या बाजूची खूण, हस्ताक्षरातील नोंद आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कोणाच्या देखरेखीखाली राहील, हे लिहून घ्यावे. ते स्वतःची उपकरणे आणत असतील तर निर्जंतुकीकरण रुग्णालयाच्याच विभागात व्हावे. नकार मिळाला तर बोलण्याचे काम संचालकांचे आहे. ते शस्त्रक्रियागृहातील सिस्टरवर ढकलू नये.

२०. एनएबीएच (रुग्णालयांच्या गुणवत्तेची तपासणी करणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेले रुग्णालय म्हणजे सुरक्षित, असे समजावे का?

मान्यतेमुळे पद्धती लिहिल्या जातात आणि बाहेरची व्यक्ती त्या तपासते, हा मोठा लाभ आहे. लहान रुग्णालयांसाठी प्राथमिक स्तराची मान्यताही आहे आणि सरकारी संस्थांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत. परंतु तपासणीच्या आठवड्यात दिसणारी पद्धत रविवारच्या मध्यरात्रीही चालते का, हे व्यवस्थापनालाच पाहावे लागते. मध्य प्रदेशात खासगी रुग्णालयाची नोंदणी १९७३ च्या राज्य कायद्याखाली सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) कार्यालयातून होते. ती चालवण्याची परवानगी आहे, गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे.

२१. दुसऱ्या रुग्णालयातून आलेल्या रुग्णावर आधी चुकीचे उपचार झाल्याचे आमच्या लक्षात आले. नातेवाईकांना सांगावे का?

इंदूरकडे आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण सतत येत असल्यामुळे हा पेच वरचेवर उभा राहतो. सर्वप्रथम पूर्वीच्या डॉक्टरांना फोन करावा. आपल्याजवळ आलेली संदर्भ-चिठ्ठी बहुधा अपुरी असते आणि जे चुकीचे वाटते त्यामागे न लिहिलेले कारण असू शकते. रुग्ण येताच घेत असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक काढे आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांसह, लिहून काढावीत. एकच औषध दोन ब्रँडनावांनी चालू असल्याचे येथेच उघड होते. बोलणे झाल्यावर, रुग्णाच्या पुढील उपचारांसाठी आवश्यक असलेली वस्तुस्थिती नातेवाईकांना सांगावी: कोणते औषध, किती दिवस, त्याचा परिणाम काय आणि आता काय बदलले. "त्यांनी बिघडवले" असा शेरा तोंडी किंवा केसपेपरवर कोणीही देऊ नये, पण नातेवाईकांनी सरळ विचारले तर खोटेही बोलू नये. पूर्वीच्या रुग्णालयाला व्यवस्थापनाच्या स्तरावर लेखी कळवावे, म्हणजे त्यांनाही दुरुस्ती करता येईल. आणि आपल्याकडून पाठवलेल्या रुग्णांबाबत त्यांनीही असेच कळवावे, अशी विनंती त्याच पत्रात करावी.